इंजिनाची नाडी

मोटारीतील पेट्रोल वाटेत संपले, तर मोटार उभी राहते. त्यापलीकडे तिचे काही बिघडत नाही. डबाभर पेट्रोल आणून ओतले, की ती पूर्ववत धावू लागते. परंतु मोटारीत दुसरेही एक तेल असते. ते जाळण्यासाठी नसते. इंजिनाच्या फिरत्या भागांना वंगण पुरवणे हे त्याचे काम. या तेलाचा प्रवाह भर वेगात एखादे मिनिट जरी खंडित झाला, तरी इंजिनाचे कायमचे नुकसान होऊ शकते, आणि मग मागाहून कितीही तेल ओतले तरी झालेली हानी भरून येत नाही. म्हणून या तेलाची खबर चालकास वेळेवर मिळणे फार अगत्याचे असते. ही खबर देण्याचे दोन मार्ग आहेत : एक लहानसा दिवा, किंवा काटा असलेले दाबमापक. जुन्या मोटारींची निगा राखणारे हौशी लोक दिव्यावर समाधान न मानता दाबमापक मुद्दाम बसवून घेतात. ते असे का करतात, हे एका प्रसिद्ध मोटारीच्या उदाहरणावरून पाहू.

इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डजवळ कौली येथे मोटारींचा मोठा कारखाना आहे. तेथे तयार झालेली 'मॉरिस मायनर' ही छोटी मोटार १९४८ साली लंडनच्या प्रदर्शनात प्रथम लोकांपुढे आली. तिचे रचनाकार अलेक इसिगोनिस. गोलसर बांध्याची ही गाडी साध्या कुटुंबांना परवडणारी होती आणि ती इतकी लोकप्रिय झाली, की १९६० च्या अखेरीस तिची संख्या दहा लाखांवर पोहोचली. इतका पल्ला गाठणारी ती पहिलीच ब्रिटिश मोटार होय. भारतातही तिचा संचार होता. बंगालमधील उत्तरपाडा येथे हिंदुस्थान मोटर्स या कंपनीने १९५० नंतरच्या काही वर्षांत हीच मोटार 'बेबी हिंदुस्थान' या नावाने बनवली. १९७० नंतर लवकरच मायनरचे उत्पादन थांबले. तरीही ब्रिटनमध्ये कित्येक हजार मायनर गाड्या हौशी मालकांनी आजवर चालत्या ठेवल्या आहेत.

१९५६ साली निघालेल्या 'मायनर १०००' या नमुन्यात चालकासमोर फारशी उपकरणे नव्हती. मध्यभागी वेग दाखवणारी एक मोठी वाटोळी तबकडी, तिच्यातच पेट्रोल किती उरले ते सांगणारा काटा, आणि मण्यांएवढे दोन-तीन दिवे. त्यांतील एक दिवा वंगणाच्या तेलासाठी. किल्ली फिरवली की तो लागे, इंजिन सुरू झाले की विझे. चालू गाडीत तो पुन्हा पेटला, तर तेलाचा दाब गेला असे समजायचे. ही व्यवस्था स्वस्त होती आणि चालकाच्या डोक्याला तिचा ताप नव्हता. आजही बहुतेक मोटारींत असाच दिवा असतो. मग त्यात उणे काय? हे समजण्यासाठी आधी त्या तेलाच्या मागोमाग इंजिनात एक फेरी मारली पाहिजे.

इंजिनाच्या तळाशी पत्र्याचे एक पसरट भांडे असते. मायनरच्या या भांड्यात सुमारे चार लिटर तेल मावते. इंजिनाच्याच बळावर फिरणारा एक लहान पंप हे तेल वर ओढतो, गाळणीतून गाळतो आणि बिडाच्या ठोकळ्यात कोरलेल्या मार्गांनी सर्वत्र धाडतो. त्यातील मोठा वाटा 'क्रँक' या भागाकडे जातो. क्रँक म्हणजे ठिकठिकाणी वाकवलेला पोलादी दंड. दट्ट्यांची वरखाली हालचाल तो चक्राकार गतीत बदलतो. गाडी वेगात असताना तो मिनिटाला तीन-चार हजार फेरे घेतो. ज्या बेअरिंगांत तो फिरतो, त्यांच्या आतून मऊ मिश्रधातूचा थर दिलेला असतो. आता गंमत अशी, की इंजिन सुरळीत चालू असताना हा दंड त्या थराला मुळी टेकतच नाही. दोहोंमध्ये केसाच्या जाडीपेक्षाही कमी अशी फट असते, तीत तेल भरलेले असते, आणि त्या तेलाच्या पापुद्र्यावर सगळा भार तोलून दंड फिरत असतो. हा पापुद्रा फाटला, की धातूवर धातू घासतो. क्षणात उष्णता वाढते, मऊ थर वितळून खरवडला जातो, इंजिनातून ठोके ऐकू येऊ लागतात, आणि तरीही गाडी रेटली तर दंड बेअरिंगात धरून बसतो. मग सारे इंजिन उतरवून उलगडण्यावाचून गत्यंतर उरत नाही.

आता दाबाकडे वळू. पंप दाब निर्माण करतो असे आपण सहज म्हणतो. पण ते पूर्णतः खरे नव्हे. बागेत रबरी नळीने पाणी घालताना नळीचे तोंड मोकळे असले, तर पाणी पायाशी पडते. तोंडावर अंगठा धरला, की तेच पाणी दूरवर उडते. नळाने पाणी वाढवून दिलेले नसते. वाट अडल्यामुळे दाब वाढलेला असतो. इंजिनातही असेच घडते. पंप तेल पुढे ढकलतो आणि बेअरिंगांतील अरुंद फटी त्याची वाट अडवतात. या ओढाताणीतून दाब उत्पन्न होतो. तो फाजील वाढू नये म्हणून ठोकळ्यात स्प्रिंगवर टेकलेली एक झडप बसवलेली असते. दाब मर्यादेबाहेर गेला, की ती उघडते आणि जादा तेल परत तळाच्या भांड्यात सोडते.

इंजिन पुष्कळ वर्षे चालले, की बेअरिंगे झिजतात व फटी रुंदावतात. चाळीत सकाळी सर्व बिऱ्हाडांनी एकदम नळ सोडले, म्हणजे वरच्या मजल्यावरील धार कशी बारीक होते, हे पुष्कळांनी पाहिले असेल. फटी रुंद झाल्या, की तेलाचीही तीच अवस्था होते. पंप तोच, तेल तेवढेच, तरी दाब घटतो. दाबाचा आकडा म्हणजे इंजिनाची नाडीच. ती पाहणाऱ्यास आतील झीज ठोकळा न उघडताही ताडता येते.

मायनरच्या निरोगी इंजिनात तेल तापल्यावर, गाडी वेगात असताना, दाब दर चौरस इंचास सुमारे ६० पौंड असावा, आणि गाडी उभी राहून इंजिन संथ चालत असताना तो १५ पौंडांच्या आसपास असावा, असे मानतात. आजच्या लहान मोटारीच्या चाकात हवेचा दाब साधारण ३० पौंड असतो. त्याच्या दुप्पट म्हटले, म्हणजे ६० पौंडांची कल्पना येते.

दिव्याचे उणे आता ध्यानी येईल. दिव्याची कळ ठोकळ्याच्या बाजूला, तेलाच्या मुख्य मार्गावर आटे पाडून बसवलेली असते. तिच्यात एक पातळ पडदा व एक स्प्रिंग असते. तेलाने पडदा ढकलला, की विजेचा मार्ग तुटतो आणि दिवा विझतो. यासाठी पाच-सात पौंडांचा दाबही पुरतो. म्हणजे दाब ६० असो, ४० असो किंवा घसरत घसरत १० वर आलेला असो, दिवा आपला शांत! तो पेटतो तेव्हा दाब बहुधा नाहीसाच झालेला असतो. शिवाय, ज्या दिव्याची तार तुटली आहे तोही विझलेलाच दिसणार. किल्ली फिरवताना तो लागतो की नाही, हे आठवणीने पाहिले तरच हा घोटाळा उघडकीस येतो; आणि रोज आठवणीने पाहणारे चालक थोडे.

दाबमापकाचे तसे नाही. ते आकडा सांगते. त्याचा शोध मोटारीहूनही जुना आहे. एझेन बूर्दाँ या फ्रेंच यंत्रकाराने १८४९ साली पॅरिस येथे त्याचे पेटंट घेतले. त्या काळी वाफेच्या बॉयलरांचे स्फोट होऊन माणसे मरत, आणि आतील दाब बिनचूक सांगणाऱ्या साधनाची फार निकड होती. बूर्दाँच्या कारखान्यातील एक वेटोळी नळी चुकून चपटी झाली. ती पुन्हा गोल व्हावी म्हणून तिचे एक टोक बंद करून दुसऱ्या टोकाने तीत दाबाने पाणी भरले. नळी फुगू लागली, पण फुगता फुगता तिचे वेटोळेही उलगडू लागले! यावरूनच त्याला दाबमापकाची कल्पना सुचली, असे सांगतात. जत्रेत मिळणारी कागदी गुंडाळीची पिपाणी फुंकली, की जशी सरळ होते, तसाच हा प्रकार. मापकाच्या तबकडीमागे चपट्या नळीची एक कमान असते. तिचे एक टोक पक्के असून तेथून तेल आत येते. दुसरे टोक बंद व मोकळे असते. दाब वाढला, की कमान किंचित उलगडते, आणि दाब उतरला, की पुन्हा वळते. ती अत्यल्प हालचाल दातेरी चक्रांनी वाढवून काट्यापर्यंत पोहोचवलेली असते.

असे मापक मायनरमध्ये बसवणे दिसायला सोपे आहे, पण त्यात एक धोका दडलेला आहे. ठोकळ्यातील तेल एका बारीक नळीतून थेट चालकाच्या समोर आणायचे असते. ही नळी कोठे फुटली, तर पंप इमानेइतबारे आपले काम करीत राहील आणि पाहता पाहता भांड्यातील तेल रस्त्यावर ओतून टाकील. म्हणजे इंजिन वाचवण्यासाठी जे उपकरण बसवायचे, तेच निष्काळजीपणे बसवले तर इंजिनाच्या मुळावर येते. वस्तुतः कुशल कारागिराची परीक्षा मापक निवडण्यापेक्षा ही नळी नेण्यातच होते.

काम थंड इंजिनावर करावयाचे. प्रथम बॅटरीची तार सोडवतात. मग दिव्याची कळ पान्याने फिरवून काढतात. इंजिन बंद असल्यामुळे सारे तेल तळाशी उतरलेले असते. चार थेंब गळले तर फडक्याने टिपले की झाले. त्या भोकात आता इंग्रजी 'टी' या अक्षराच्या आकाराचा पितळी जोड बसवायचा. त्याच्या एका तोंडाला दिव्याची जुनी कळ आणि दुसऱ्याला मापकाची नळी. अशा रीतीने दिवा राहतो आणि मापकही येते. दिवा काढून टाकणे शहाणपणाचे नव्हे. कारण चालकाची दृष्टी रस्त्यावर असते, आणि काटा पडला हे त्याच्या लक्षात येण्यापूर्वी पेटलेला दिवा लक्षात येण्याचा संभव अधिक.

जोड बसवताना आट्यांकडे नीट पाहावे लागते. या कामी वापरल्या जाणाऱ्या ब्रिटिश मापाच्या जोडावर एका इंचात २८ आटे असतात, तर दिसायला अगदी तशाच अमेरिकन जोडावर २७ असतात. इंचामागे फरक फक्त एका आट्याचा! चुकीचा जोडही पहिले एक-दोन फेरे निमूटपणे आत जातो आणि मग अडतो. तो जड जातो आहे असे पाहून ज्याने पान्याला जोर दिला, त्याने पन्नास-साठ वर्षांच्या बिडाच्या ठोकळ्यातील आटे खाल्लेच म्हणून समजावे. जोड विकत घेता येतो. ठोकळा सहजी मिळत नाही. म्हणून भोकात कोणते आटे आहेत हे आधी मोजून घेणे आणि जोड हातानेच सुखाने फिरतो ना, हे पाहणे, हीच खरी रीत. शिवाय जोड, कळ आणि नळी यांचे ओझे एका लहानशा दट्ट्यावर लोंबकळत राहिले, तर इंजिनाच्या थरथरीने जोडाची मान तुटू शकते. म्हणून काही कारागीर ठोकळ्यापासून एक मजबूत लवचीक नळी काढतात आणि जोड बाजूच्या पत्र्यावर पट्टीने पक्का करतात.

नळी तांब्याची घ्यावी, नायलॉनची की वर जाळी विणलेली रबराची, याविषयी हौशी मंडळींत मतभेद आहेत. तांबे उष्णतेला दाद देत नाही व दिसतेही सुरेख. पण इंजिन रबरी टेकूंवर बसवलेले असून ते सारखे हलत असते, आणि मापक मात्र स्थिर असते. मधली तांब्याची नळी सारखी वाकत राहिली, तर तांबे हळूहळू कठीण होते आणि एके दिवशी तडकते. तार वारंवार वाकवून तोडताना हाच गुण आपण उपयोगात आणतो. त्यामुळे तांब्याची नळी घेतल्यास इंजिनाजवळ तिला दोन-तीन सैल वेढे द्यावे लागतात, म्हणजे हालचाल त्या वेढ्यांत वाटली जाते. नायलॉनची नळी वाकते छान, परंतु धूर बाहेर नेणाऱ्या तप्त नळीजवळून ती नेली, तर वितळलीच. इंजिनाकडील टोक तरी जाळीदार रबरी नळीचे असणे सर्वांत निर्धोक वाटते.

इंजिन आणि चालकाची बैठक यांच्यामध्ये पत्र्याची भिंत असते. तिच्यातील ज्या भोकातून नळी आत न्यायची, त्यात रबरी कडे बसवल्यावाचून काम पूर्ण झाले असे समजू नये. पत्र्याची उघडी कड सुरीसारखी असते. गाडीच्या थरथरीने ती नळीला करवतीप्रमाणे कापत जाते. याखेरीज, ठोकळ्याकडील टोकाशी अगदी सूक्ष्म छिद्र असलेली अडणी बसवण्याची युक्तीही प्रचलित आहे. दाब काट्यापर्यंत पोहोचण्यास तेवढे छिद्र पुरते, आणि नळी फुटलीच तर तेल धो धो न वाहता झिरपते, त्यामुळे गाडी थांबवण्यास अवधी मिळतो.

ज्यांना तेल बैठकीपाशी आणण्याचीच धास्ती वाटते, ते विजेचे मापक घेतात. त्यात तेल ठोकळ्यापाशीच राहते; तेथील संवेदक दाबाप्रमाणे विजेचा प्रवाह कमीजास्त करतो आणि तारेतून ती वार्ता काट्यास पोहोचते. यात गळतीचे भय उरत नाही. मात्र मायनरच्या बॅटरीचे धन टोक गाडीच्या सांगाड्याला जोडलेले असे, तर पुढच्या काळातील मोटारींत ऋण टोक जोडू लागले. त्यामुळे नव्या पद्धतीचे मापक डोळे मिटून जोडून चालत नाही. ते अशा गाडीसाठी योग्य आहे की नाही, हे पाहून घ्यावे लागते.

सर्व जोड आवळून झाले, की इंजिन सुरू करतात. काही क्षणांत काटा वर चढला पाहिजे. तो शून्यावरच राहिला, तर इंजिन ताबडतोब बंद करायचे. काटा चढला, तरी प्रत्येक जोडावरून कोरडे बोट फिरवून ओल लागते का हे पाहायचे, आणि आठवडाभर गाडी चालवल्यावर पुन्हा एकदा पाहायचे.

त्यानंतर काटा वाचायला शिकले पाहिजे. नवखा मालक येथे हमखास घाबरतो. सकाळी थंड इंजिनात तेल घट्ट असते. त्यामुळे काटा ६० च्याही वर जातो. तासाभराने तेल तापून पातळ झाले, की तो उतरतो, आणि चौकात गाडी उभी असताना तर १५-२० वर येतो. हा बिघाड नव्हे. घट्ट काकवी आणि तीच तापवलेली काकवी यांच्या वाहण्यात जो फरक, तोच येथे दिसतो. चिंतेची चिन्हे निराळी असतात. वळण घेताना किंवा एकदम ब्रेक लावताना काटा क्षणभर पडून पुन्हा चढला, तर भांड्यात तेल कमी असल्याचा संशय घ्यावा. तेल एका बाजूला धावते आणि पंपाच्या तोंडी हवा जाते. त्याच रस्त्यावर, त्याच वेगाला, तापलेल्या इंजिनात गेल्या वर्षी ५५ दाखवणारा काटा यंदा ४० दाखवू लागला, तर बेअरिंगे किंवा पंप झिजत चालले आहेत, अथवा झडपेची स्प्रिंग मऊ पडली आहे. दक्ष मालक म्हणूनच हे आकडे तारखेसह वहीत टिपून ठेवतात. एकट्या आकड्यापेक्षा मागच्या आकड्यांशी केलेली तुलना अधिक बोलकी असते, आणि दिव्याजवळ अशी तुलना करण्याजोगे काहीच नसते.

कधी कधी दिवा आणि काटा यांच्या साक्षी परस्परांशी जुळत नाहीत. दिवा पेटला आहे पण काटा ५० दाखवतो, असे झाले, तर बहुधा दिव्याची कळ बिघडलेली असते. काटा शून्यावर आहे पण दिवा विझलेला, असे झाले, तर नळी तुंबलेली असण्याचा, मापकच नादुरुस्त असण्याचा किंवा दिव्याची तार तुटून दाब खरोखरच गेला असण्याचा संभव असतो. यांपैकी खरे कारण कोणते, याचा तर्क धावत्या गाडीत बसून करावयाचा नसतो. गाडी रस्त्याच्या कडेला घेऊन इंजिन बंद करायचे, तेल मोजण्याची पट्टी काढून पुसून पुन्हा बुडवायची, आणि गाडीखाली वाकून रस्त्यावर काळा ओघळ दिसतो का ते पाहायचे.